मॉन्ट्रियलमधला वेगळा कप

हे मी तुम्हां दोघी नातींसाठी लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हांला वेळ लागतो हे मला माहीत आहे. अडलं तर तुमची आई वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं, सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिण्यातच गेली. पण यात माझे वडील येणार आहेत, आणि ते माझ्याशी कधी इंग्रजीत बोलले नाहीत. मोठीबद्दल मी 'ती' असं लिहिणार आहे, कारण हे धाकटीलाही नीट कळायला हवं. मोठीने राग मानू नये.

विषय चहाचा आहे आणि मॉन्ट्रियलमधल्या एका बाईंचा आहे. त्या बाईंचा मला हेवा वाटतो.

आमचं घर तुम्हांला माहीत आहे. इथे बहारीनला, रिफा गावातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली सुपरमार्केट, आणि कुठेही जायचं तर आजोबांनी गाडी काढायची. संध्याकाळी साडेपाचला चहा. आलं किसायचं नाही, ठेचायचं. पाण्याला उकळी फुटली की पूड, दूध शेवटी. चहा टेबलाशी बसून प्यायचा, टीव्हीसमोर नाही, फोन हातात धरून तर नाहीच. कप सगळे पांढरे, एकसारखे. एखादा फुटला तर मी तसाच दुसरा शोधते, आणि नाही मिळाला तर सगळे कप बदलते. आजोबांना कंपनीने एकदा त्यांचं नाव छापलेला मग दिला होता. त्यात मी पेनं ठेवते.

"जन्म गेला नोकरीत, पण माझ्या नावाच्या मगातून मला घरी चहा मिळत नाही," असं ते पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हसतात. मी कारण सांगत बसत नाही.

दर डिसेंबरला तुम्ही दोघी आईबरोबर यायचात. बहारीनच्या त्या दिवसांत संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडं ठेवता येतं. टेबलाशी पाच खुर्च्या लागायच्या. तुम्हां दोघींना कपभर दुधात दोन चमचे चहा, एवढीच परवानगी होती. मोठीला मी कितीतरी वर्षं सांगत होते, "बाळा, दहा मिनिटं शांत बस, चहा संपव, मग ऊठ." ती कधी बसली नाही. अर्धा कप तसाच ठेवून पळायची.

ती पंधरा वर्षांची झाली त्या थंडीत मॉन्ट्रियलला तुमच्या घराजवळचं ते चहाचं दुकान तिला सापडलं. 'दुकान' म्हटलेलं तिला आवडत नाही, 'सलाँ' म्हणायचं. बसची वाट बघताना पाय गारठले म्हणून ती आत शिरली. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, आखूड पांढरे केस, काळा एप्रन. त्यांनी तिला काही विकलं नाही. झाकणीच्या एका छोट्या वाडग्यात चहा भिजत घातला होता, त्याचं गरम झाकण काढून तिच्या नाकाशी धरलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं, कसला वास येतो? ती म्हणाली, भाजलेल्या भाताचा. बाई म्हणाल्या, बस.

हे सगळं मला फोनवर कळलं. तुमची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, त्यामुळे शनिवारी आमच्या चहाच्या वेळेला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पूर्वी ती शाळेबद्दल बोलायची. आता मादाम. मादाम दर वसंतात तैवानला जाते आणि बागांत फिरून चहा निवडते. मादाम म्हणते, पहिलं पाणी फक्त पानांना जागं करायला, ते ओतून द्यायचं. मादाम म्हणते, दुसऱ्या आणि पाचव्या पाण्याची चव एक असेल तर चहा वाईट किंवा तुमचं लक्ष नाही. भिंतभर डबे, बुटकी स्टुलं, गाणी नाहीत. तिथे ती तास-तास बसते, असं तुमची आई मला कौतुकाने सांगायची. मला काय वाटत असेल याचा तिला पत्ता नव्हता.

मागल्याच्या मागल्या डिसेंबरला ती आली ती चहाच्या चार डब्या आणि एक थर्मामीटर घेऊन. साडेपाचला मला खुर्चीत बसवलं आणि चहा स्वतः केला. विकतच्या गॅलनच्या बाटलीतलं पाणी तापवलं, उकळू दिलं नाही. फोनवर सेकंद मोजले. काळपट गोळ्या होत्या, त्यांची पाण्यात पानं उलगडली, देठासकट. ती बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. एकदाही उठली नाही.

आजोबांनी एक घोट घेतला. "पाणी छान तापलंय," म्हणाले.

"आजोबा, प्लीज. नीट चव घ्या."

"घेतली की. कोणी चुकून यात पान टाकलं होतं का?"

धाकटी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली, तिला आठवत असेल. मोठीही हसली. मग तिने मला विचारलं, "आजी, तुला काय वाटलं?" मी म्हटलं, सुगंध चांगला आहे. तिने चवीसाठी एक फ्रेंच शब्द सांगितला आणि म्हणाली, याला इंग्लिशमध्ये शब्दच नाही. मराठीत आहे का, हे तिने विचारलं नाही. मी बाळा बाळा करून जे वर्षानुवर्षं शिकवू शकले नाही, ते एका परक्या बाईने वाडग्याचं झाकण उचलून शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मी ओटा दोनदा पुसला.

ती परत गेली. पुढच्या ऑक्टोबरात एका शनिवारी तिचा कॉल आला. चेहरा नुसता फुलला होता.

"आजी, गेस व्हॉट. मादाम हॅज अ सेपरेट कप फॉर मी नाऊ."

मी विचारलं, "वेगळा म्हणजे?"

"म्हणजे फक्त माझा. दुसरं कुणीच त्यातून पीत नाही."

"तो ठेवतात कुठे?"

"बाहेर, दाराजवळच्या फळीवर."

"आणि धुतं कोण?"

"मीच. माझा मीच धुवायचा, असा रूल आहे."

मी फोन आजोबांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले.

आता वडिलांबद्दल सांगते. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी एसटी थांबायची तिथे एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चूल आणि दोन बाकडी. आमच्या लोकांसाठी तिथे एक कप बाहेरच्या भिंतीत कोनाड्यात ठेवलेला असे. कान तुटलेला. आपला आपण उचलायचा, आपण धुवायचा, हातभर लांब धरायचा, आणि वरून चहा ओतला जायचा. पिऊन झालं की पुन्हा धुऊन कोनाड्यात. दुसरं कुणी त्यातून पीत नसे. वडील शिकले, औरंगाबादला नोकरीला लागले, बाबासाहेबांबरोबर धम्मात आले. लग्नानंतर त्यांनी घरात आणलेली पहिली वस्तू म्हणजे एकसारखे पांढरे कप. घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्यातूनच चहा, मग तो साहेब असो की कोळसेवाला. कुणाचा कप कुठला हे कुणालाही कळता कामा नये. हा त्यांचा नियम मी बहारीनला घेऊन आले. त्याचं कारण मी तुमच्या आईला सांगितलं होतं. तुम्हांला नाही, कारण तुम्ही लहान होतात, आणि तुम्हांला ते सांगावं लागू नये असंही मला वाटत होतं.

म्हणून मोठी तिकडे आनंदाने वेगळ्या कपाबद्दल सांगत होती आणि मला इथे एकच दिसत होतं, की सातासमुद्रापलीकडे जाऊनही माझ्या नातीला बाहेरच्या फळीवरचाच कप मिळाला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आईचा फोन. "आई, तू काल उठून गेलीस. ती विचारतेय, आजी रागावली का."

"तुला कळत नाही का तिथे काय चाललंय? वेगळा कप, बाहेर ठेवायचा, आपला आपण धुवायचा. कुणी शिकवलं त्या बाईला हे?"

मग ती म्हणाली, "आई, तिथे तो मान आहे. नेहमीच्या माणसांनाच देतात. आतच, दाराजवळच्या फळीवर वीस-बावीस कप असतील, डॉक्टरचा आहे, तिच्या फ्रेंचच्या सरांचा आहे. त्या मातीच्या कपात एकच चहा प्यायचा, तो हळूहळू मुरतो, म्हणून दुसऱ्याने वापरायचा नाही. सोळा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच दिलाय. ती रात्रभर झोपली नाही आनंदाने."

मी म्हटलं, "बरं."

"तिला सांगू का, तुला काय वाटलं ते?"

"नको."

गैरसमज गेला. मला वाटलं होतं, आता मनही हलकं होईल. उलट झालं. संताप होता तोवर त्या बाई वाईट होत्या आणि मी बरोबर होते. आता त्या वाईटही राहिल्या नाहीत. त्यांनी तिला तिच्या नावाची जागा दिली होती. माझ्या घरात तिचा म्हणून कप नव्हता, आणि तसा तो कधी असणारही नव्हता.

मग नोव्हेंबरात खरी गोष्ट आली. नाताळच्या दिवसांत दुकानात गर्दी असते, भेट द्यायला लोक चहा नेतात. बाईंनी तिला विचारलं होतं, डिसेंबरभर काम करशील का. तिला करायचं होतं. पुढच्या वर्षी कॉलेज, मग कोण कुठे जाईल सांगता येत नव्हतं. म्हणजे हा डिसेंबर एक तर त्यांचा होता, नाही तर माझा. तिने कळवलं, "आजी, मी अजून डिसाइड नाही केलं."

आजोबा म्हणाले, "येईल ती. आणि नाही आली तर नाही. तू त्या बाईला भेटलीसही नाहीस, आणि सवत असल्यासारखी करतेस."

"मी काय केलं?"

"काही नाही. डाळीत मीठ दोनदा पडलंय एवढंच."

शुक्रवारी इथल्या हूरा भागात आपल्या लोकांची वंदना असते, तुम्ही आला आहात तिथे. वंदनेनंतर मोठ्या पातेल्यातला चहा आणि बिस्किटं. माझ्या शेजारी बसणारी एक बाई आहे, नागपूरकडची, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "ताई, तुमची नात चहाच्या दुकानात लागली म्हणते. एवढं शिकवून-सवरून पोरीनं कपबश्याच धुवायच्या का जी?"

मी म्हटलं, "ती फक्त स्वतःचा कप धुते."

हे मी असं काही ताठ मानेने बोलले की मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. परत येताना आजोबांनी रस्त्यातल्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. पोरगा धावत कागदी कपातून करक, म्हणजे इथला टपरीचा चहा, घेऊन आला. डब्यातल्या दुधाचा, वेलचीचा, दाताला चिकटेल एवढा गोड. मी करक पीत नाही. त्या दिवशी प्यायले.

"यल्ला, चल," आजोबा म्हणाले. "आता त्या नागपूरवालीशी भांडलीस तसं नातीशी बोल. सांग तिला, ये म्हणून."

मी बोलले नाही. त्याऐवजी मॉलमध्ये गेले. तिथे भारी चहाचं एक दुकान निघालं आहे, काळ्या डब्यांचं. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने विचारलं, "मॅम, फुलांसारखा हवा की मातीसारखा?" मी मोठीच्या त्या गोळीच्या चहाचं नाव लिहून नेलं होतं, ते दाखवलं. मुलगी माझ्याकडे नव्या आदराने बघायला लागली. घरी आणून केला. उकळी फुटण्याआधी गॅस बंद करायचा, हे माझ्या हाताला जमेना. चहा करताना गॅस त्या हाताने कधी उकळीआधी बंद केलेलाच नव्हता. पहिले दोन दिवस कडू झाला. तिसऱ्या दिवशी जमला. दुधाच्या सायीसारखी चव, मागाहून फुलासारखी, आणि घशात बराच वेळ राहणारी. मला तो आवडला, आणि आवडला म्हणून जास्तच राग आला. त्या बाई तिला जे देत होत्या ते नकली असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या आईचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "काय ठरवलं तिने?"

"अडकलीय. रडते. आई, तू तिला पणजोबांच्या कपाची गोष्ट सांगितलीस ना, तर ती उद्या तिकीट काढेल."

हे मला माहीत होतं. तुमची आई म्हणण्याआधीच माझ्या मनात येऊन गेलं होतं. ऑक्टोबरातच मोठीला सांगितलं असतं की तुझा तो वेगळा कप ऐकून मला काय आठवलं, तर त्या कपातला चहा तिला पुन्हा गोड लागला नसता. ती आली असती. माझ्याजवळ बसून राहिली असती. पण वडिलांनी जे भोगलं ते मी एका सुट्टीसाठी वापरायचं, आणि तेही एका बाईवर कुरघोडी करायला? मी तुमच्या आईला म्हटलं, "सांगायचं नाही. तिला काम करू दे."

"तू नाराज होशील."

"होईन. तो माझा प्रश्न आहे."

तर गेल्या डिसेंबरला धाकटी आणि आई आल्या. चार खुर्च्या. धाकटी, तू खूप हसवलंस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मोठी रोज फोटो पाठवायची. काळा एप्रन घालून काउंटरमागे उभी, पुड्या बांधताना, तराजूवर पानं तोलताना. एका फोटोत बाईंचा हात तिच्या खांद्यावर होता. तो फोटो मी मोठा करून करून पाहिला. साधा हात होता, माझ्यासारखाच, शिरा वर आलेल्या. पण होता तिथे.

वर्षाच्या शेवटच्या दिवसांत एकदा आजोबा धाकटीला आणि आईला समुद्रावर घेऊन गेले. मी एकटी चहाला बसले होते. तिचा कॉल आला. दुकान उघडायला अवकाश होता, बाहेर बर्फ, आत दिवे लावलेले. तिने मला सगळं फिरवून दाखवलं, डबे, किटल्या, ती दाराजवळची फळी. मग बाई आल्या. फोनमध्ये वाकून हसल्या. त्यांचं इंग्रजी माझ्या फ्रेंचइतकंच, म्हणजे जवळजवळ मफी, नाहीच, म्हणून मोठी मध्ये बोलत होती. मी विचारपूस केली, त्यांनीही केली. मग बाईंनी काहीतरी विचारलं.

"आजी, मादाम विचारतेय, तुझ्या घरी माझा कप कसा आहे?"

मी माझ्या हातातला कप वर धरून दाखवला. "हा. सगळ्यांचा असतो तसाच."

मोठी हसत त्यांना सांगायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "बाय द वे आजी, व्हाय? सगळे सेम का असतात? मी कधी विचारलंच नाही."

सुट्टी संपत आली होती. आता सांगून मला काही मिळणार नव्हतं, म्हणून सांगता येण्यासारखं होतं. मी म्हटलं, "मोठं आहे. तुला काम असेल."

"अजून वेळ आहे. सांग."

मी सांगायला लागले. एसटीचा थांबा, पत्र्याचं हॉटेल, भिंतीतला कोनाडा. ती प्रत्येक वाक्य फ्रेंचमध्ये करत होती आणि बाई मान हलवत ऐकत होत्या. मला ते सहन होईना. माझ्या वडिलांची गोष्ट माझ्या नातीला पहिल्यांदा कळत होती, आणि त्याच मिनिटाला ती त्यांनाही कळत होती. एवढंसुद्धा मला एकटीला मिळू नये.

मी म्हटलं, "तो कप वेगळा ठेवलेला असे. आपला आपण धुवायचा. दुसरं कुणी त्यातून पीत नसे."

मोठीने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून फ्रेंच आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. ऑक्टोबरात मी फोन आजोबांना देऊन का उठून गेले ते तिला तेव्हा कळलं असावं. बाई काहीतरी म्हणाल्या, पुढे काय, असंच असणार. तिने त्यांच्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून.

मग मला म्हणाली, मराठीत, "पणजोबांनी काय केलं?"

मी सांगितलं. शिकायला औरंगाबादला निघाले त्या सकाळी त्यांनी त्या हॉटेलात चहा घेतला. कप धुतला. कोनाड्यात परत न ठेवता आपल्या पिशवीत टाकला आणि गाडीत चढले. दुसऱ्या दिवशी मालकाने दुसरा कप ठेवला असेल, हे त्यांनाही कळत होतं. नदीवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्यांनी तो खिडकीतून खाली टाकला. पाण्यात पडला की दगडावर, ते त्यांना दिसलं नाही.

ती हे ऐकत असताना मागे काचेच्या दाराबाहेर बर्फात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. बाई किल्ली हातात घेऊन दाराजवळ उभ्या, आमच्याकडे बघत. दुकान उघडायची वेळ झाली होती. मी म्हणू शकले असते, जा बाळा, तुझं काम आहे. म्हटलं नाही. नदीचं नाव सांगितलं, पुलाचे कठडे कसे होते ते सांगितलं, वडिलांच्या अंगात कुठला सदरा होता तेही सांगितलं. जितकं सावकाश सांगता येईल तितकं सावकाश सांगितलं, आणि बाईंना थांबू दिलं.